टोपोशीटवरून घाटवाट शोधताना: नाळ की सोंड, कंटूर बघून कसं ठरवायचं?

ढोरवाट_७३ पूर्व

मंडळी, सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून १:५०,००० चं ओपन सिरीज शीट (टोपोशीट, म्हणजे उंचीच्या रेषा असलेला नकाशा) उतरवून घेतलंय. कोकणातलं पायथ्याचं गाव साधारण १०० मीटरवर, घाटमाथ्याची कड ७२० च्या आसपास. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव पडलं की दोन महिन्यांत रविवारी तिथे बस लागते.

वर जायला दोन शक्यता दिसतात. एक नाळ (कड्यात कोरली गेलेली अरुंद घळ), दुसरी तिच्या दक्षिणेची सोंड (डोंगराची खाली उतरत येणारी धार). नकाशावर दोन्हीकडे तुटक रेघेची पाऊलवाट नाही. जाड कंटूरमधलं (समान उंची जोडणाऱ्या रेषांमधलं) अंतर पट्टीने मोजलं ते असं:

नाळ: १००-२०० मध्ये १४ मिमी, २००-३०० मध्ये ८, ३००-४०० मध्ये ५, ४००-५०० मध्ये ३.५, ५००-६०० मध्ये १, ६००-७०० मध्ये ३.

सोंड: २००-३०० मध्ये ५, ३००-४०० मध्ये ४.५, ४००-५०० मध्ये २, ५००-६०० मध्ये ८, ६००-७०० मध्ये जेमतेम १.

विचारायचं हे की किती मिमीच्या खाली गेलं की ‘इथून जाता येणार नाही’ असं धरायचं? दुसरं, जुन्या स्कॅन केलेल्या शीटवर मोबाईलचा ट्रॅक टाकला तर तो शंभर-सव्वाशे मीटर सरकलेला दिसतो. फोनवरची उंचीसुद्धा नकाशापेक्षा साठेक मीटर कमी येते. यात चूक नक्की कुणाची?

---

कातळटोपी

आधी एक खात्री करा. पीडीएफ छापताना ‘फिट टू पेज’ केलं नव्हतं ना? आपल्या अक्षांशाला १५ मिनिटांचं शीट १:५०,००० ला साधारण ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद भरतं. ए-४ वर पूर्ण शीट कोंबलं तर तुमच्या सगळ्या मिलिमीटरांना काही अर्थ उरत नाही. हवा तो तुकडा कापून १०० टक्क्यांवर छापायचा आणि समासातल्या मोजपट्टीवर पट्टी ठेवून २ सेंमी म्हणजे १ किमी येतो का ते बघायचं. फोनच्या पडद्यावर मिलिमीटर मोजण्यात अर्थ नाही, तिथे ॲपमधली मोजपट्टी वापरा.

आकडे बरोबर आहेत असं धरून पुढे जाऊ. या प्रमाणावर १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर. कंटूर २० मीटरला एक, दर पाचवा जाड, म्हणजे दोन जाड रेषांत १०० मीटर चढ. त्यावरून:

५ मिमी = २५० मीटर आडवं, उतार साधारण २२ अंश. निवांत चाल.
३.५ मिमी = ३० अंश. दम लागेल, हात लागणार नाहीत.
३ मिमी = ३४ अंश. सुटा दगडमातीचा घसारा साधारण याच कोनात थांबलेला असतो, त्यामुळे पाय टाकला की तो चालू लागतो.
२ मिमी = ४५ अंश.
१ मिमी = ६३ अंश.

आता तुमचा खरा प्रश्न, किती मिमीला नाही म्हणायचं. सह्याद्रीत असा एक आकडा धरून चालत नाही, कारण या डोंगरात ४५ अंशांचा एकसारखा उतार जवळपास नसतोच. आपला डोंगर लाव्हाच्या जवळजवळ आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण बसाल्टचा थर उभा तुटतो आणि त्याच्यावरचा-खालचा मऊ थर झिजून गवताळ उतार होतो. एक कडा, एक उतार, पुन्हा कडा, असा जिना. ४० मीटर उभा कातळ आणि ६० मीटर ३० अंशांचा उतार एकत्र करा. आडवं अंतर भरतं १०४ मीटर. नकाशावर ते दिसणार २ मिमी, म्हणजे ‘सरासरी ४५ अंश’. सोंडेवरचा तुमचा ४००-५०० चा टप्पा हाच आहे. पट्टी ४५ अंश सांगते आणि समोर चाळीस मीटरची भिंत उभी असू शकते.

म्हणून २ मिमीच्या टप्प्यात जाड रेषा सोडून बारीक रेषा बघायच्या. दोन जाड रेषांच्या मध्ये चार बारीक रेषा असतात. त्या समान अंतरावर असतील तर उतार खरंच एकसारखा असण्याची आशा आहे. दोन-तीन रेषा एकमेकींना चिकटल्या आणि बाकीच्या मोकळ्या असतील तर चिकटल्या तिथे कातळ. त्या कातळाची उंची नोंदवून ठेवा.

यातही एक फसगत आहे. २० मीटरच्या अंतराने रेषा काढल्या तर १८-१९ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपू शकतो. त्याच्यावरून एकही रेषा जात नाही. आणि ६०१ ते ६३९ असा ३८ मीटरचा कडा असला तर त्याच्यावरून ६२० ची एकच रेषा जाते, चिकटलेल्या दोन रेषा कुठेच दिसत नाहीत. याच्या उलट, फार उभ्या जागी नकाशा काढणारा मधल्या बारीक रेषा तोडतो, कारण ०.२ मिमीवर रेषा शेजारी-शेजारी छापताच येत नाहीत. तिथे फक्त जाड रेषा उरते. बारीक रेषा मधेच गायब झाल्या तर तिथे सपाटी आहे असं समजू नका. ती नकाशातली सगळ्यात उभी जागा असते.

---

निसणवाला

वरचं सगळं बरोबर. फक्त ‘नाळ की सोंड’ असा प्रश्न टाकलात तिथेच थोडी गडबड आहे. घाटवाटा बऱ्याचदा दोन्ही वापरतात. खाली सोंड, मधे पदर (दोन कड्यांमधली कमी उताराची पट्टी), वरच्या कड्यातून नाळ.

तुमच्या सोंडेचे आकडे पाहा: ५००-६०० मध्ये ८ मिमी, म्हणजे ४०० मीटर आडवं, १४ अंश. हा पदर. ४००-५०० चा कातळ संपल्यावर डोंगर श्वास घेतो ती जागा. तिथे दाट झाडी मिळते, कधी पाणी, आणि ढोरवाटा मिळतात, कारण गुरं उंची न बदलता चालतात. पदराच्या वर ६००-७०० ला १ मिमी. तो शेवटचा कडा, तिथे सोंड भिंतीला जाऊन टेकते. सोंडेवरून सरळ वर जायचा हट्ट इथेच सोडायचा.

नाळेत उलट आहे. तिचा अडथळा ५००-६०० ला, १ मिमी. पण ६००-७०० ला ३ मिमी, म्हणजे सोंडेला जो शेवटचा कडा आडवा येतो तो नाळेने फोडलेला आहे. मग नकाशावरचा पहिला अंदाज असा निघतो: सोंडेने पदरापर्यंत, पदरावरून उत्तरेला आडवं जाऊन ६०० च्या जरा वर नाळेत उतरायचं, आणि नाळेच्या वरच्या भागाने माथा. नाळेतला ५००-६०० चा टप्पा पूर्ण टळतो.

हे जमेल की नाही ते पदराच्या रेषांवर आहे. सोंडेपासून नाळेपर्यंत ५६०, ५८०, ६०० या रेषा बोटाने धरून चला. सगळीकडे एकमेकींपासून निदान अर्धा-पाऊण मिमी सुट्या राहिल्या तर पदर सलग आहे. मधे कुठे त्या एकत्र आल्या तर तिथे पदर तुटला, आडवं जाताना खाली दरी आणि वर कातळ अशी पट्टी लागणार. अशा ठिकाणी १०० मीटरची आडवी चाल ४०० मीटरच्या चढापेक्षा जड जाते.

आता नाळ वाचायची कशी. कंटूरचं टोक चढाच्या दिशेने वळलं तर नाळ किंवा ओढा, उताराच्या दिशेने वळलं तर सोंड. हे शाळेतही शिकवतात. शाळेत राहून जातं ते असं, की कड्याच्या उंचीवरचं टोक किती खोल आहे ते बघायचं. ५००-६०० च्या चिकटलेल्या रेषा नाळेपाशी आत दोन-तीन मिमी घुसल्या असतील तर नाळेने तो कडा कापलाय. धोंडे अडकलेली चिंचोळी वाट असेल, एखादा रॉकपॅच (हात लावून चढायचा कातळाचा तुकडा) असेल, पण रस्ता असण्याची शक्यता चांगली. तिथे रेषा जेमतेम चिमटा काढल्यासारख्या वाकल्या आणि पुढे सरळ गेल्या तर तो धबधब्याचा कोरडा टप्पा. खालून बघाल तर गुळगुळीत काळी भिंत.

आणखी एक खूण. सगळ्या टोकांना खालपासून वरपर्यंत पट्टी लावून पाहा. टोकं एका सरळ रेषेत आली तर नाळ बहुतेक खडकातल्या उभ्या भेगेवर कोरली गेली आहे. अशी नाळ थर कठीण की मऊ हे बघत नाही, सगळं कापत जाते. नागमोडी नाळ थराथराला अडते. नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासून नाळेतूनच वर चढते. जुन्या लोकांना या जागा नकाशाशिवाय कळत होत्या, हा भाग वेगळा.

---

थ्रीडी_गडी

एवढी पट्टी-पेन्सिल कशाला? गुगल अर्थ उघडा, डोंगर तिरपा करा, सगळं दिसतं. ओपनटोपोमॅपवर तर कंटूर फुकट आहेत.

---

कातळटोपी

@थ्रीडी_गडी, गुगल अर्थ जरूर बघावं, पण कड्याच्या बाबतीत तेच जास्त फसवतं. ओपनटोपोमॅप आणि बहुतेक ॲपमधले कंटूर एसआरटीएमच्या आकड्यांवरून संगणकाने काढलेले असतात. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जमीन मोजली, त्याची ही माहिती. दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा. २०० मीटरचा उभा कडा दोन आकड्यांच्या मध्ये येतो आणि संगणक त्याला उतार करून टाकतो. शिवाय अरुंद नाळेच्या तळापर्यंत रडार धड पोचतच नाही, त्यामुळे नाळ उथळ आणि रुंद दिसते. पडद्यावर ५० अंशांचा गुळगुळीत घसरगुंडीसारखा उतार दिसला तर तो बहुतेक ताणलेला कडा असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मधे आत गेलेला आहे. कुठल्याच कंटूरवर किंवा अशा थ्रीडीवर ते आत जाणं दाखवता येत नाही, कारण तिथे एका बिंदूला एकच उंची असते.

गुगल अर्थचा चांगला उपयोग वेगळा आहे. जुन्या प्रतिमांच्या पट्टीवर जानेवारी-फेब्रुवारीची तारीख शोधा. गवत पिवळं पडलेलं असतं आणि मळलेली वाट फिकट रेघेसारखी उठून दिसते. पावसाळ्यानंतरच्या हिरव्या प्रतिमेत काही दिसत नाही. सावलीही वाचा. सकाळच्या प्रतिमेत पश्चिमेच्या कड्याची सावली लांब पडते आणि ती जिथे तुटते तिथे कड्यालाही खाच असते. आणि ‘एलेव्हेशन एक्झॅजरेशन’ १ वर ठेवा, नाहीतर टेकाडसुद्धा लिंगाण्याच्या सुळक्यासारखं दिसेल.

---

समुद्रसपाटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, ते देतो. दोन चुका वेगवेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका.

ट्रॅक सरकतो तो डेटममुळे, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावरून मोजतात त्यामुळे. जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, जीपीएस आणि ओपन सिरीज डब्ल्यूजीएस-८४ वर. महाराष्ट्रात दोन्हींतला आडवा फरक शंभर मीटरच्या वर जातो, म्हणजे नकाशावर दोन-अडीच मिमी. तुमच्या नाळेच्या बाबतीत एवढ्यात तुम्ही शेजारच्या नाळेत जाता. जुनं स्कॅन ॲपमध्ये बसवताना डेटम ‘इंडियन/कल्याणपूर’ निवडायचा, किंवा सरळ ओपन सिरीजचं शीट वापरायचं. पोर्टलवरचं शीट असेल तर ट्रॅक नीट बसायला हवा.

उंचीचा फरक वेगळा. जीपीएस मोजतो ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून. भारताच्या या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या ६० मीटरपेक्षा जास्त खाली आहे. त्यामुळे काही अँड्रॉइड ॲप दुरुस्ती न करता आकडा दाखवतात आणि चौपाटीवर उभं राहिलं तरी उणे साठच्या पुढचा आकडा येतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘मीन सी लेव्हल’ किंवा ‘जिऑइड’ असं काही असेल तर ते चालू करा. नसेल तर पायथ्याच्या गावाजवळ नकाशावर उंची लिहिलेली जागा गाठून फरक लिहून ठेवा. एका दिवसात तो बदलत नाही.

घड्याळात बॅरोमीटर असेल तर त्याची खोड निराळी. हवेचा दाब आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी असतो. फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास. या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे ९ मीटरच्या जवळपास. म्हणजे सकाळी लावलेलं घड्याळ तुम्ही जागचे न हलताही दुपारी पंचवीसेक मीटर जास्त उंची दाखवतं. एका कंटूरपेक्षा जास्त चूक. पदरावर पोचल्यावर, खिंडीत आल्यावर, जिथे जागा नकाशावर पक्की ओळखता येते तिथे पुन्हा लावायचं.

होकायंत्राबद्दल विचारलं नाहीत, तरी: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे. या कामासाठी सोडून द्या.

---

ढोरवाट_७३ पूर्व

सगळ्यांचे आभार. पुन्हा मोजलं. छपाई ठीक आहे, मोजपट्टी जुळते. ४००-५०० च्या सोंडेवर बारीक रेषा नीट पाहिल्या: ४४० आणि ४६० जवळजवळ चिकटलेल्या, बाकीच्या मोकळ्या. नाळेत ५००-६०० च्या रेषा दीड-दोन मिमी आत जातात, टोकं बऱ्यापैकी सरळ. पदराच्या रेषा एका जागी, सोंडेपासून साधारण ६ मिमीवर, फार जवळ येतात. ५६० आणि ५८० वेगळ्या ओळखू येत नाहीत, ६०० त्यांच्या जरा वर सुटी आहे.

म्हणजे ४४०-४६० चा कातळ सोंडेवर पक्का धरायचा? आणि पदर तिथे तुटलेलाच?

---

कातळटोपी

४४०-४६० बद्दल शेजारी विचारा. थर आडवे आहेत म्हणून कातळाची पट्टी एकाच उंचीला डोंगरभर फिरते. उत्तरेची आणि दक्षिणेची पुढची सोंड घ्या, तिथेही ४४०-४६० चिकटलेल्या दिसल्या तर तो पट्टा खरा आहे. मग पट्टीची संपूर्ण रेघ पेन्सिलने गडद करा आणि ती रेघ कुठे सैल होते तेवढंच शोधा. सह्याद्रीत वाट शोधणं म्हणजे बहुतेक वेळा अशा तीन-चार आडव्या रेघांमधली भोकं शोधणं. सोंडेच्या नाकावर कातळ असतो आणि नाकाच्या बाजूला, ओढ्याकडच्या अंगाला, दगडमाती साचून रेषा सुट्या होतात. वाट तिथून असते. गावकरी त्याच जागेला निसण म्हणत असतील, विचारून पाहा. पेन्सिल मात्र टोकदार ठेवा. ०.५ मिमीची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते, आणि भोक त्याहून लहान असू शकतं.

रेषा समान पसरलेल्या दिसल्या तरी लपलेल्या कड्याचा हिशोब सोडायचा नाही. दुसऱ्या बाजूच्या डोंगरावरून काढलेला फोटो मिळवून त्यावर उंच्या लिहून घ्या, तो या बाबतीत शीटपेक्षा खरं बोलतो.

---

निसणवाला

पदर ‘तुटलेला’ म्हणायच्या आधी एवढं बघा. ५६०-५८० चिकटल्या आणि ६०० सुटी आहे ना? मग कातळ ५६० ते ५८० मध्ये आणि त्याच्यावर जागा आहे. आडवं ५६० वरून जायचं नाही, ६०० च्या रेषेवरून जायचं. सोंडेवरूनच ती उंची गाठा, कारण तिथे १४ अंशांचाच उतार आहे. ५५० ला वळलात तर मधे अडाल आणि मग कारवीतून चाळीस-पन्नास मीटर वर घुसावं लागेल. ६ मिमी म्हणजे सोंडेपासून ३०० मीटर. झाडीत हे अंतर कळत नाही, म्हणून पावलं मोजा आणि उंचीवर लक्ष ठेवा.

वेळेचा अंदाज नेहमीच्या सूत्राने काढू नका. ५ किमीला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास हे मळलेल्या वाटेचं सूत्र आहे. वाट नसलेल्या सोंडेवर तासाला ३०० मीटर चढ धरा, पदरावरच्या आडव्या चालीला तासाला एक किमी, नाळेतल्या धोंड्यांना त्याहून कमी. तुमचा चढ ६०० च्या वर आहे, म्हणजे चढालाच दोन तासांच्या वर आणि शोधाशोध वेगळी. पहिल्यांदा जाताना वरून खाली येऊ नका. घाटमाथ्याची कड फुगीर असते, वरती रेषा सुट्या आणि खाली गच्च. अशा उतारावर वरून पुढचा कडा दिसतच नाही, तो पायाखाली येतो तेव्हाच कळतो. खालून चढताना निदान जिथे अडलात तिथून परत फिरता येतं.

पाण्याचं: शीटवर ओढा निळा असेल तर बारमाही, काळा असेल तर कोरडा. तुमची नाळ काळी असणार. जानेवारीनंतर माणशी चार लिटर गावातूनच न्या. जूनपासून नाळेत शिरू नका, वरून धोंडे येतात.

---

ढोरवाट_७३ पूर्व

शेजारच्या दोन्ही सोंडांवर ४४०-४६० चिकटलेल्या निघाल्या. दक्षिणेच्या ओढ्याकडच्या अंगाला एकाच जागी, साधारण २ मिमीच्या पट्ट्यात, रेषा सुटतात. शीट मात्र तिथेच संपतं. पुढचं कुठलं लागेल?

---

समुद्रसपाटी

खालचं. जुन्या क्रमांकात एका अंशाच्या चौकोनाची १६ शीट असतात. वरून खाली १ ते ४, मग पूर्वेकडच्या स्तंभात ५ ते ८, असं. पुणे ४७ एफ/१४ वर आहे, त्याच्या खाली ४७ एफ/१५, आणि १४ च्या पश्चिमेला ४७ एफ/१०. म्हणजे दक्षिणेला जायचं तर आकड्यात एक मिळवा, पश्चिमेला जायचं तर चार वजा करा. ४, ८, १२ किंवा १६ वर असाल तर दक्षिणेला पुढचं अक्षर लागतं, एफ नंतर जी, आणि तिथे वरच्या ओळीतलं शीट. राजगड १८° १५' च्या रेषेला इतका चिकटून आहे की त्याच्यासाठी ४७ एफ/११ आणि ४७ एफ/१२ दोन्ही घ्यावी लागतात, तुमचंही तसंच झालंय. ओपन सिरीजचे क्रमांक वेगळे आहेत, पण समासातल्या छोट्या आकृतीत शेजारची शीट दिलेली असतात. दोन तुकडे जोडताना ४४० ची रेषा ४४० लाच मिळते का ते बघा. दोन शीटची पाहणी वेगवेगळ्या वर्षी झालेली असली तर कडेला रेषा एखाद मिलिमीटर सरकलेल्या असू शकतात. पाहणीचं वर्ष खालच्या समासात छापलेलं असतं.

---

ढोरवाट_७३ पूर्व

मिळालं, जुळतंय. भोक खालच्या शीटवरही तिथेच आहे.